डावी ओढ

शिवाजीनगर, बंगळूर
१५ फेब्रुवारी १९६६

प्रिय नंदकिशोर,

तुझं पत्र येऊन पंधरवडा उलटून गेला. उत्तर नाही म्हणून तू काय काय समजला असशील याची मला कल्पना आहे, कारण तू कुठलीही गोष्ट अर्धी ऐकून पुरी समजणारा माणूस आहेस. रागावू नकोस. रागावण्यासारखं पुढे बरंच आहे, सगळा राग पहिल्याच पानावर खर्च करू नकोस. आणि तुला 'तू' म्हणते आहे याचंही नवल वाटून घेऊ नकोस. अव्वासमोर आणि अण्णासमोर तुला 'तुम्ही' म्हणायचं आणि गॅरेजच्या मागच्या दाराशी 'तू' म्हणायचं, ही कसरत मी बरीच वर्षं केली. आता मागचं दारही बंद आहे आणि कसरत करायला अंगात जोरही नाही.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. दुसरीचं उत्तर शेवटी देईन. पहिली अशी की, शर्यतीच्या दिवशी गाडी उजवीकडे ओढली, म्हणजे शिवाप्पाच्या, माझ्या अण्णाच्या, हातून आदल्या दिवशीच्या कामात काहीतरी राहून गेलं असणार. हे तू आजवर कुणाजवळ बोलला नाहीस, आणि त्याला तू केव्हाच मनापासून क्षमा केली आहेस. नंदकिशोर, माझ्या भावाला तू तुझ्या गाडीखाली घेतलंस, आणि आता पुण्याला बसून त्याला क्षमा केलीस. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग पत्र डाळीच्या डब्याखाली सरकवलं आणि अव्वाला पेज भरवायला गेले.

अव्वाचं तुला कळवलं नव्हतं. ती आता अंथरुणातच असते. दम लागतो, बोलताना मध्येच थांबते, डॉक्टर येतात आणि औषधाची बाटली बदलून जातात. तिला मरणाची भीती नाही. तिला एकच गोष्ट खाते, ती अशी की तिच्या शिवाच्या हातात खोट होती आणि त्याच खोटीने तो गेला. शर्यत भरवणाऱ्या मंडळींनी 'दुरुस्तीतील दोष' असं म्हणून विषय मिटवला, तेव्हापासून हे तिच्या डोक्यात बसलं आहे. तू इस्पितळात त्यांना अण्णाचं नाव सांगितलं नाहीस, हे खरं. पण 'गाडी उजवीकडे ओढली' एवढं सांगितलंस, आणि पुढचं लोकांनी आपापल्या सोयीने जोडून घेतलं. अण्णामागे गॅरेज चालू होतं, पण टॅक्सीवाले एकेक करून दुसऱ्या गॅरेजात जायला लागले. नळावर बायका अव्वा आली की गप्प व्हायच्या. एके दिवशी तिने अण्णाचे पाने-हातोड्या पोत्यात भरून माझ्या पुढ्यात आणून टाकल्या आणि म्हणाली, ही खोटी हत्यारं माझ्या घरात नकोत. मी ती माळ्यावर लपवली. तिच्या देवाजवळ माझ्या वडिलांचा फोटो आहे, अण्णाचा नाही. मी लावला होता, तिने काढला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्रेक नीट केले, त्याच्या आईला त्याचा फोटो बघवत नाही. तू क्षमा केलीस, पण तिला अजून ते जमलेलं नाही.

म्हणून तुझ्या पत्राला उत्तर लिहिण्याआधी मला खरं काय ते बघायचं होतं. तुझ्या किंवा माझ्या मनाचं समाधान नको होतं, खरं हवं होतं. ते सांगते, पण आधी थोडं मागचं आठवू दे. तुलाही आठवून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तू पहिल्यांदा आमच्या गॅरेजात आलास तेव्हा सरकारी कारखान्यातला नवा इंजिनिअर होतास. इस्त्रीचा शर्ट, पुणेरी मराठी, आणि हातात एका मोडक्या विलायती गाडीचा कागद. जुन्या सलून मोटारीची वरची बॉडी काढून टाकायची, पत्र्याची हलकी दोन माणसांची बसवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि शर्यतीत उतरायचं. अण्णाने तुझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पळवायची ते कळलं, थांबवायची कशी? तू हसलास. तेव्हापासून तुमची जोडी जमली. अव्वा तुला धाकट्या पोराला म्हणतात तसं तम्मा म्हणायला लागली, रविवारी तुझ्यासाठी वेगळी तिखट चटणी वाटायला लागली. तू माझं घरचं, कानडी वळणाचं मराठी सुधारायला घेतलंस. मी 'उद्या येतो' म्हणाले की 'येते' म्हणायला लावायचास, आणि आमच्या बोलण्यातले कानडी शब्द वेचून वेचून काढायचास. गंमत म्हणजे त्यातला 'सरी' तुला फार आवडला. बसचा कंडक्टर म्हणतो, इडलीवाला म्हणतो, म्हणून तूही म्हणायला लागलास. चहा गार आहे, सरी. पाऊस येतोय, सरी. पगार उशिरा होणार, सरी. तुझ्या तोंडी सरी म्हणजे 'बरं, चालायचंच'. आम्ही सगळे हसायचो, आणि कुणीच तुला सांगितलं नाही की अण्णाच्या तोंडी तो शब्द असा स्वस्त नव्हता. काम अर्धवट असेल तर अण्णा 'नोडोण' म्हणायचा, बघू. तपासायचं राहिलं असेल तरी 'नोडोण'. सगळं उघडून, पुसून, बसवून, स्वतः चालवून आणल्यावरच 'सरी' म्हणायचा. मग गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जायचं, पुन्हा विचारायचं नाही.

मग ती गाडी तयार झाली आणि तिचं दुखणं सुरू झालं. वेगात असताना जोराने ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. मागच्या अ‍ॅक्सलमधलं तेल उजव्या चाकाकडे झिरपायचं आणि ब्रेकच्या ड्रममध्ये उतरायचं. उजवं चाक तेलाने बुळबुळीत, ते धरायचं नाही. डावं कोरडं, ते घट्ट धरायचं. अण्णाने तेल अडवणारं सील बदललं. चार धावांत पुन्हा तेल. मद्रासहून दुसरं मागवलं, पुन्हा तेल. उजव्या बाजूचं बेअरिंग बदललं, तरीही तेच. ब्रेकची लायनिंग रॉकेलने धुऊन, जाळून, घासून पुन्हा बसवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा तो कुबट, गंधकासारखा वास. माझ्या ओढणीलासुद्धा तो वास असायचा आणि तू त्यावरून मला चिडवायचास. तुम्ही दोघे त्या दुखण्याला 'ओढ' म्हणायचात. गॅरेजात शिरता शिरता तू विचारायचास, आज ओढ कशी आहे? अण्णा गाडीखाली असायचा, तो खालूनच उत्तर द्यायचा. विचारताना तू बघायचास माझ्याकडे, ते त्याला दिसायचं नाही. मी ड्रम पुसत राहायची. हाताला तेल असताना लाजायची पंचाईत होते, तोंडावर हातही नेता येत नाही.

पुढे पुढे तू त्या ओढीशी जुळवून घेतलंस. इथे आपलं बिनसायला सुरुवात झाली होती, पण तेव्हा ते कुणाला दिसलं नाही. तू कौतुकाने सांगायचास की आता मला ब्रेकवर पाय पडल्यावर काही करावं लागत नाही, पाय पडायच्या आधीच हात आपोआप उजवीकडे जातात, गाडी डावीकडे निघायच्या आत मी तिला पकडलेलं असतं. कारखान्यातले तुझे मित्र वाहवा करायचे. अण्णाला ते अजिबात आवडायचं नाही. गाडीचं दुखणं हाताने झाकायचं नसतं, असं तो तुला एकदा चांगल्या कडक आवाजात म्हणाला होता. तू म्हणालास, सरी. आणि तरीही अण्णाने त्या दुखण्याचा हिशेब धरूनच सगळ्यांना शिकवलं होतं की शर्यतीच्या धावपट्टीच्या टोकाला उभं राहायचं तर उजव्या बाजूला राहा, ही गाडी गेली तर डावीकडे जाते.

दुखण्याचं मूळ तुम्ही दोघांनी मिळून शोधलंत, हेही मी विसरलेली नाही. थंड गाडी कितीही दिवस उभी राहिली तरी गळत नाही, लांब पळवून आणली की मगच गळते, हे तुझ्या लक्षात आलं. म्हणजे आत तापून दाब होत असला पाहिजे, असं तू शुक्रवारी म्हणालास आणि शनिवारी कारखान्यात जादा पाळीला निघून गेलास. अण्णा रात्रभर त्यावर विचार करत होता की काय कोण जाणे, सकाळी चहाही न घेता गाडीखाली गेला. अ‍ॅक्सलच्या नळीला वरच्या अंगाला सुईएवढं भोक असतं, तापलेली हवा बाहेर जायला. ते बंद होतं. पहिल्या शर्यतीच्या आधी तुम्ही दोघांनी अ‍ॅक्सलला विमानासारखा रुपेरी रंग दिला होता, हौस तुझी आणि ब्रश अण्णाचा, तो रंग त्या भोकात जाऊन बसला होता. हवेला वाट नाही म्हणून ती तेलाला ढकलत होती, आणि बिचाऱ्या सीलांना आपण वर्षभर शिव्या घातल्या. अण्णा गाडीखालून बाहेर आला तो हसतच. मला त्याने हात धरून खाली बसवलं आणि दाखवलं. भोक मोकळं केलं, ते पुन्हा बुजू नये म्हणून त्यात एक बारीक पिन सैल अडकवली, गाडी हलली की ती हलत राहील अशी. नवं सील, दोन्हीकडे नवी लायनिंग, धुतलेले ड्रम. दुपारी तो देवनहळ्ळीच्या रस्त्याला गाडी घेऊन गेला, परत परत ब्रेक मारून बघितला, आणि संध्याकाळी घरी येऊन अव्वाला म्हणाला की स्टिअरिंग सोडून दिलं तरी बैलासारखी नाकासमोर उभी राहते. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

रविवारी, शर्यतीच्या दिवशी, तू उशिरा आलास. पाळी लांबली, बस चुकली, सरावाच्या फेऱ्या संपून गेल्या होत्या. अण्णा तुझी वाट बघून बघून अस्वस्थ झाला होता. त्याला तुला सगळं रीतसर सांगायचं होतं, भोक, रंग, पिन, सगळं. पण तू आलास तो पळतच, आणि तुझ्या मागे झेंडेवाला ओरडत होता. तू आत बसलास, हातमोजे चढवलेस, सगळ्यांची इंजिनं एकदम गुरगुरत होती, आणि तू मान वर करून एकच शब्द विचारलास, ओढ? अण्णाने खिडकीत वाकून एकच शब्द सांगितला, सरी. तू मान डोलावलीस. अण्णानेही डोलावली. मी थर्मास घेऊन तिथेच उभी होते, आणि तुम्हा दोघांचं बोलणं पुरं झालं असंच मला वाटलं. अण्णाने सांगितलं, ओढ गेली, काम पक्कं झालं. तू ऐकलंस, ओढ आहे तशीच आहे, चालायचंच. मला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ येत होते, पण तुझ्या कानात कुठला शिरला ते बाहेरून कसं दिसणार? मी यासाठी स्वतःला दोष देत नाही. तुलाही त्या शब्दासाठी देत नाही.

मग तो धावत पट्टीच्या टोकाला गेला, तुझा ब्रेक कसा लागतो ते बघायला. कुठल्या बाजूला उभा राहिला ते तुला माहीत आहे. उजव्या. आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने गाडी सरळ केली होती, आणि तरी उभा राहिला तो जुन्या दुखण्याचा हिशेब धरून. मी तंबूपाशी होते. तू टोकाला आलास, आणि गाडीचं नाक खाली दबण्याआधी पुढची चाकं उजवीकडे वळलेली मला दिसली. त्या वेळी बघितलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. अण्णाने हात वर केला होता. तुला थांबवायला केला नव्हता, नंदकिशोर. तो आनंदाने केला होता, पोरं करतात तसा. तेवढंच मी पाहिलं, आणि पुढचं तुला लिहायची गरज नाही.

आता खरं सांगते. तुझ्या पत्रानंतरच्या रविवारी मी आनेकलला गेले. गाडी अपघातापासून तिथे कल्लाप्पामामाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून होती, कोंबड्या आत अंडी घालत होत्या. बरोबर गुंडूला नेलं होतं, अण्णाच्या हाताखाली काम केलेला, आता दुसऱ्याच्या गॅरेजात असतो. माळ्यावरचं पोतं मी अव्वा झोपलेली असताना उतरवलं होतं. गुंडूने मागची दोन्ही चाकं उतरवली आणि ड्रम ओढून काढले. गंजाने घट्ट बसले होते, बराच वेळ लागला. दोन्ही ड्रम आतून कोरडे, दोन्हीकडची लायनिंग सारखी, नखाने खरवडून बघितली, भुकटीच निघाली, तेलाचा थेंबही नाही. मी नाक लावून वास घेतला, मामाला वाटलं मला वेड लागलं. गुंडूने ड्रम आणि चाकं परत बसवली, मला ब्रेक दाबायला लावून दोन्ही चाकं फिरवून बघितली, दोन्ही सारखीच धरतात. पुढचीही बघितली. मग मी पाठीवर झोपून खाली सरकले. रुपेरी रंग अजून आहे, आणि ते भोक मोकळं आहे. अण्णाची पिन तिथे आहे. मी बोट लावलं तर अजून हलते. मी तिथेच झोपून राहिले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले, इतकी की मामीने येऊन माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

गाडी उजवीकडे ओढली नाही. गाडी कुठेच ओढत नव्हती. तुझ्या हातांनी सवयीने उजवीकडे वळवली आणि ती सरळ गाडी होती म्हणून पुरती वळली. अण्णाच्या कामात खोट असती तर तो आज जिवंत असता. हे लिहायला मला इतके दिवस लागले. हे वाचून तुझं काय होईल ते मला कळतं. तू रात्री उठून बसशील, तुझ्या हातांकडे बघशील. मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण ओझं कुणीतरी उचलायचंच आहे, आणि आजवर ते अव्वाच्या छातीवर आहे. तिने मुलगाही गमावला आणि त्याच्याबद्दलचा अभिमानही. तू जाणूनबुजून काही केलं नाहीस, हे मी देवासमोर सांगेन. पण क्षमा करायची पाळी तुझी नव्हती.

मी अव्वाला सांगून पाहिलं. तिने माझं तोंड कुरवाळलं आणि म्हणाली, तू भावाचीच बाजू घेणार. गुंडूने सांगितलं तर म्हणाली, तू त्याचं मीठ खाल्लंस. आता राहिलास फक्त तू. तेव्हा तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर असं. तुझी आई गेली, आता कुणाचा विरोध नाही, लग्न करू, असं तू लिहिलंस. नाही, नंदकिशोर. तू माझ्याकडे वळतो आहेस तेही जुन्या ओढीचा हिशेब धरूनच, आणि वाटेत पुन्हा अण्णाच उभा आहे. पण लग्नासाठी येणार होतास ना, तर तेच तिकीट काढ, आणि अव्वा आहे तोवर ये. तिच्या उशाशी बस. ती तुला तम्मा म्हणेल, अजूनही म्हणते. मग तिला सांग की गाडी मी वळवली, शिवाप्पाचं काम सरी होतं. तो शब्द तुझ्या तोंडून अण्णाच्या अर्थाने एकदा निघू दे. तिने फोटो मागितला की मी आणून देईन, तो मी उशीच्या अभ्र्यात ठेवला आहे. त्यानंतर तू जा. खाली सही करताना हाताने आपणहून एक शब्द लिहिला आहे, मी अडवायच्या आत. तो मी खोडत नाही. सवयीचा हात कसा जातो ते तुला बघता यावं म्हणून राहू देते.

तुझीच
अहल्या